आधी तोल, मग वेग

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाजवळ जी पत्र्याची शेड आहे, तिला आजही सगळे ‘सायकल-स्टँड’ म्हणतात. नाव जुने राहिले, आतली वस्ती मात्र बदलली. परवा मोकळ्या तासाला मी मोजदाद केली, तेव्हा सायकली निघाल्या सात. बाकी सगळ्या मोटारसायकली आणि स्कूटर. त्यांतही शेडचा एक कोपरा विशेष मानाचा आहे. अंगावर रंगीत प्लॅस्टिकचे चिलखत, पुढे वाकलेली मान आणि आभाळाकडे उचललेली मागची बैठक, अशा चार-पाच गाड्या तेथे उभ्या असतात. त्यांच्याभोवती जेवढी गर्दी असते तेवढी ग्रंथालयाच्या खिडकीशीही नसते. या गाड्यांना ‘स्पोर्टस् बाईक’ असे म्हणतात.

या गाड्यांविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, “पोरं वाया गेली.” पोरे म्हणतात, “म्हाताऱ्यांना काय कळतंय?” मला या दोन्ही पक्षांशी थोडे भांडायचे आहे. वेगाची ओढ हा काही गुन्हा नव्हे. ज्या गावात बैलगाडा शर्यत पाहायला आबालवृद्ध बांधावर दाटी करतात, त्या गावाने तरुणांना वेगाचे वेड लागले म्हणून कपाळाला हात लावावा, हे मला पटत नाही. पण माझ्या मित्रांनाही एक विचारावेसे वाटते. वेग दुकानात विकत मिळतो. तो पेलण्याची विद्या कोठे मिळते? ती आपण कोणाकडून, कधी आणि किती दिवस शिकलो?

प्रथम ही गाडी म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरोघरी असलेली शंभर सीसीची हीरो स्प्लेंडर साधारण आठ अश्वशक्तीची. यामाहाची ‘आर-१५’ ही गाडी २००८ साली भारतात आली आणि सर्वसामान्य घरातल्या मुलालाही स्पोर्टस् बाईकचे स्वप्न पडू लागले. तिच्या आजच्या १५५ सीसीच्या इंजिनाची ताकद सुमारे अठरा अश्वशक्ती, म्हणजे स्प्लेंडरच्या दुपटीहून अधिक. केटीएमची ‘आरसी ३९०’ तर बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जाते; ती चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागली. मुठीची तेवढीच पीळ, पण एका गाडीवर माणूस पुढे सरकतो आणि दुसरीवर फेकला जातो.

या गाडीची ठेवणही उगीच तशी नसते. हँडल खाली असते, कारण चालकाने वाकावे आणि वारा डोक्यावरून निघून जावा. पाय ठेवायच्या दांड्या वर आणि मागे असतात, कारण वळणावर गाडी कलली की त्या जमिनीला घासू नयेत. पुढचा ब्रेक तिखट असतो, कारण प्रचंड वेग थोड्या अंतरात उतरवायचा असतो. हे सारे शर्यतीच्या मैदानाचे हिशेब आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे १९९० पासून असे मैदान आहे. तेथे सगळे एकाच दिशेने जातात. समोरून एस.टी. येत नाही, आडवी म्हैस येत नाही, गतिरोधक नसतो. पडलाच तर बाजूला मोकळी जागा असते आणि डॉक्टर उभा असतो.

आता आमचा रस्ता पाहा. मी ज्या भागातून येतो, तेथे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने रस्ता उसाचा असतो. पुढे एक ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या, त्यांवर वाशांसारखा बाहेर आलेला ऊस. ट्रॉली शेतातून रस्त्यावर चढते तेव्हा चाकांची चिखलमाती डांबरावर पसरते. ती वाळली की धूळ होते आणि दवाने भिजली की लोणी. जागोजागी पाचट आणि उसाचे तुकडे पडलेले. पहिल्या वळवाच्या सरीनंतर डांबरावर साचलेले तेल वर येते आणि अर्धा तास रस्ता काचेसारखा होतो. पुढच्या चाकाला हे सगळे आधी कळते आणि चालकाला नंतर. शर्यतीच्या मैदानासाठी जन्मलेली गाडी आपण या रस्त्यावर आणतो आणि तीही अशा मुलाच्या हाती देतो, ज्याने कालपर्यंत फक्त डेअरीपर्यंत दुधाचे कॅन नेले.

बारावीला माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा एक मित्र आज आपल्यात नाही. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण हा अंक त्याच्या घरीही जाऊ शकतो. बारावी चांगल्या गुणांनी पास झाल्याबद्दल वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढून त्याला गाडी घेऊन दिली. थंडीच्या दिवसांत, गाडी येऊन अकरा दिवस झाले असताना, संध्याकाळी सातच्या सुमारास तो रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला तांबडा दिवा नव्हता, चमकणारी पट्टीही नव्हती. गावाने म्हटले, “नशीब!” मला हा शब्द मान्य नाही. दिव्याविना ट्रॉली रस्त्यात उभी करणे हा ट्रॉलीवाल्याचा अपराध आहेच आणि त्याला शिक्षा झाली पाहिजे. पण त्या मुलाला कोणी एवढे तरी सांगितले होते का, की रात्री दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग आपला? कोणीही सांगितले नव्हते. सांगणार तरी कोण? शोरूममध्ये त्याला हप्ता समजावून सांगितला, पेढे दिले, हार घातलेल्या गाडीसह फोटो काढला आणि किल्ली हातात ठेवली.

हे एका गावचे दुःख नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. अठरा ते पंचेचाळीस या वयातलेच लोक दर तिघांत दोन. आकड्यांकडे पाहून आपण पान उलटतो. पण प्रत्येक आकड्यामागे एक रिकामा बाक असतो.

येथे मला जो मुख्य मुद्दा मांडायचा आहे, तो असा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील सातवीपर्यंत शिकले, आईने शाळा पाहिली नाही. प्रवेशाचा अर्ज कसा भरावा, शिष्यवृत्ती कोठे मागावी, ‘सेमिस्टर’ म्हणजे काय, हे घरात सांगणारे कोणी नव्हते. जे शिकलो ते ठेचा खात आणि प्राध्यापकांना विचारून. वेगवान गाडीचेही अगदी तसेच आहे. आमच्या आजोबांनी बैलगाडी हाकली, वडिलांनी सायकल आणि नंतर शंभर सीसीची गाडी चालवली. ताशी शंभर किलोमीटरचा वेग आमच्या घराने कधी पाहिलाच नाही; मग त्याविषयीचे शहाणपण घरात कोठून असणार? वडील लाखभर रुपये उभे करू शकतात, पण जे त्यांना कोणी दिले नाही ते शिक्षण ते देऊ शकत नाहीत. आपण या वेगाच्या शाळेतलेही पहिल्याच पिढीचे विद्यार्थी आहोत. म्हणूनच आपल्याला मास्तरची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

आणि खरे पाहता हे शहाणपण आपल्या वाडवडिलांकडे वेगळ्या रूपात होतेच. नव्या गड्याच्या हाती दावणीतले सर्वांत तेज खोंड कोणी देत नसे. आधी त्याला म्हातारा, शहाणा बैल द्यायचे. नांगराला, गाडीला हात बसला, बैलाचा स्वभाव कळू लागला, की मग खोंडाची वेसण त्याच्या हाती. बैलाच्या बाबतीत जे आपल्याला कळत होते, ते इंजिनाच्या बाबतीत का कळू नये?

मला स्वतःला मास्तर मिळाला, हे माझे भाग्य. माझे चुलतभाऊ लष्कराच्या सिग्नल विभागात होते आणि मोटारसायकल ते तेथे रीतसर शिकले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी जुनी ‘आर-१५’ घेतली. माझा शिकाऊ परवाना निघाल्यावर मी हट्ट धरला, तेव्हा ते म्हणाले, “आधी दोन महिने आबांची स्प्लेंडर चालव. मग बघू.” दोन महिने झाले, दिवाळीची सुट्टी लागली आणि ते मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेले. त्यांनी शिकवले ते येथे थोडक्यात देतो, कारण माझ्या कित्येक वाचकांना असा दादा नसेल.

पहिल्या दिवशी त्यांनी इंजिन सुरूच करू दिले नाही. गाडी ढकलत मैदानाला फेऱ्या मारायच्या, चढायचे, उतरायचे, स्टँड लावायचा. मला राग आला. पण त्यामागे कारण होते. ही गाडी सुमारे एकशे चाळीस किलोची, बैठक उंच आणि हँडल कमी वळणारे. नवा चालक पहिल्यांदा पडतो तो बहुधा वेगात नव्हे, तर उभ्या गाडीसकट किंवा चालीच्या वेगात वळताना पुढचा ब्रेक दाबल्यामुळे. साध्या गाडीला त्याने ओरखडा पडतो. या गाडीचे चिलखत तडकते आणि त्याचे बिल बापाच्या खिशात जाते.

दुसरा धडा क्लचचा. अॅक्सिलरेटरला हात न लावता नुसत्या क्लचवर गाडी माणसाच्या चालीने चालवायची. हँडलवर भार टाकायचा नाही. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची आणि हात सैल ठेवायचे. मनगटे दुखतात म्हणून या गाडीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांतले निम्मे तरी पायांचे काम हातांकडून करून घेत असतात.

तिसरा धडा ब्रेकचा आणि तोच सर्वांत मोठा. आपल्याकडे बारशाच्या घुगऱ्यांबरोबर एक समजूत पोटात जाते : पुढचा ब्रेक दाबायचा नाही, गाडी आडवी होते. परिणाम असा की, आपण सारे जन्मभर मागच्याच ब्रेकवर गाडी थांबवतो. खरी गोष्ट उलट आहे. ब्रेक लागताच गाडीचा सारा भार पुढच्या चाकावर येतो. मागचे हलके होते आणि घसरते. थांबवण्याचे मुख्य काम पुढच्याच चाकाचे, मागच्याने साथ द्यायची. फक्त तो ब्रेक झटक्याने आणि वळणात दाबायचा नाही. दादा म्हणाले, “म्हशीची धार काढतोस तसं दाब. सडाला हिसका दिलास तर लाथ बसंल.” कबड्डीच्या मैदानाची चुन्याची रेघ होती. तिच्याशी ब्रेक लावायचा आणि किती पावलांवर थांबलो ते मोजायचे. आधी वीसच्या वेगाने, मग तीस, मग चाळीस. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते, हे आम्ही शाळेत विज्ञानात शिकलो होतो. मला ते त्या दिवशी पावलांनी कळले. शिवाय धोका दिसल्यापासून बोटे ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. साठच्या वेगाने तेवढ्यात गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते, शंभरच्या वेगाने अठ्ठावीस.

कोणी म्हणेल, आता ‘एबीएस’ आहे. आहे, आणि चांगले आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना ते सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ नये, एवढे काम ते करते. पण ते वाळूला डांबर करीत नाही आणि वळणात जास्त वेगाने घुसलेल्याला माघारी आणीत नाही.

चौथा धडा वळणाचा. हा ऐकून प्रथम विश्वास बसत नाही. चालीच्या वेगात आपण हँडल ज्या बाजूला फिरवतो त्या बाजूला गाडी वळते. पण वेग वाढला की डावीकडे वळण्यासाठी डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते. गाडी डावीकडे कलते आणि वळते. सायकलवर आपण हे नकळत करीतच असतो. जाणूनबुजून शिकलो, तर ऐन वेळी खड्डा चुकवता येतो. आणि वेग उतरवायचा तो वळणाच्या आधी, वळणात नव्हे. यासोबत दादांचे एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे : “नजर जाईल तिथं गाडी जाईल. खड्ड्याकडं बघत बसलास तर खड्ड्यातच जाशील.” मला वाटते, हे केवळ मोटारसायकलीपुरते खरे नाही.

त्यानंतर रस्ता. पहिले पंधरा दिवस पहाटेचा मोकळा, कोरडा रस्ता आणि पन्नासच्या आतला वेग. मागे कोणीही नाही. मग दिवसाची रहदारी, मग रात्र, आणि सर्वांत शेवटी पाऊस. नव्या टायरची पकड पहिले शंभर-दीडशे किलोमीटर कच्ची असते, तेव्हा जपून. साखळीला तेल, टायरमध्ये हवा. डोक्यावर आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला. कोपरात अडकवलेले हेल्मेट फक्त कोपर वाचवते. हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेत, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो.

एवढे शिकायला मला दीड-दोन महिने लागले. मित्र हसले. “दहा मिनिटांत चालवता येते, त्यात शिकायचे काय?” असा त्यांचा सवाल. दहा मिनिटांत जी येते ती गाडी पळवण्याची कला. ती गाडीच करते, आपले त्यात कर्तृत्व नाही. आपले कर्तृत्व थांबवण्यात आणि वळवण्यात आहे. मोठ्या गाडीवर सरळ रस्त्याला शंभर गाठणारा शूर नव्हे. तेवढे तर मूठ पिळणारे माकडही करील.

दुसरा सवाल जास्त गंभीर आहे. “शिकायचंच आहे तर स्पोर्टस् बाईकवरच का शिकू नये? दोन-दोन गाड्या कोण घेणार?” यात तथ्य आहे, आपल्यासारख्यांना दोन गाड्या परवडत नाहीत. पण पहिली गाडी साधी असावी, असे मी म्हणतो ते याच कारणाने. दीड लाखाच्या वर जाणारी ही गाडी हप्त्यावर येते आणि तो हप्ता उसाच्या बिलातून किंवा आईच्या बचतगटातून जातो. त्या गाडीवर आजीला दवाखान्यात नेता येत नाही, खताचे पोते येत नाही. मागची बैठक तळहाताएवढी आणि खांद्याएवढ्या उंचीवर. साडी नेसलेल्या बाईने बसावे कसे? पदर चाकात जाऊ नये म्हणून लावलेले साडीगार्ड तर ‘शोभत नाही’ म्हणून पोरे पहिल्या आठवड्यातच काढून टाकतात. साऱ्या घराने हप्ता भरायचा आणि एकट्याने बसायचे, अशी ही गाडी. नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पगारातून, हात बसल्यावर ती खुशाल घ्यावी. मीही घेणार आहे.

सरकारनेही याबाबत काही करायला हवे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने अठराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो. तीस दिवसांनी चाचणी, त्यात आठाचा आकडा काढला की पक्का परवाना. त्या एकाच परवान्यावर शंभर सीसीचीही गाडी चालते आणि हजार सीसीचीही! युरोपीय संघाच्या देशांत २०१३ पासून पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली पायरी १२५ सीसीपर्यंत, पुढची ३५ किलोवॅटपर्यंत आणि तीवर दोन वर्षे काढल्यावर मोठी गाडी. सरळ मोठ्या गाडीवर जायचे तर वयाची चोवीस वर्षे पूर्ण हवीत. आपल्याकडे पहिल्याच दिवशी मिळणारी ‘आर-१५’ तेथे पहिल्या पायरीतही बसत नाही. पायऱ्यांचा असा परवाना आपल्याकडे आला, तर मी त्याचे स्वागत करीन, जरी त्यामुळे मलाच दोन वर्षे थांबावे लागले तरी.

पण कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे, छात्रसेना आहे, प्रशस्त मैदान आहे. सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आपण रस्ते झाडतो, बंधारे बांधतो. त्यातली एक सकाळ दुचाकीच्या शिक्षणाला द्यावी, अशी मी प्राचार्यांना नम्र विनंती करतो. खर्च काय? चुन्याची एक पिशवी आणि गावोगावी असलेल्या माजी सैनिकांपैकी एखाद्याला चहा. मुलींनाही त्यात घ्यावे. गाडी त्याही चालवतात आणि मागे बसून इतरांच्या चुकांची किंमतही त्याच मोजतात. तसेच उसाच्या प्रत्येक ट्रॉलीमागे चमकणारी पट्टी चिकटवण्याचे काम हंगामाच्या पहिल्या आठवड्यात आपण विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. दहा मिनिटांचे काम आहे. त्याने कोणाचे तरी अकराव्या दिवसापुढचे आयुष्य वाचेल.

मित्रांनो, आपल्या आईबापांनी आपल्याला येथवर पोचवण्यासाठी किती वर्षे घेतली याचा हिशेब करा आणि मग मुठीला पीळ द्या. वेग आपला आहे, तो आपल्याकडून कोणी हिरावून घेत नाही. त्याच्या आधी तोल यावा, एवढेच मागणे आहे.